धुळ्याच्या पेठेतला एक पेढीवाडा : पाहावा, पण ओट्यापासून

धुळ्याच्या पेठेतील एका जुन्या व्यापारी वाड्याची दारे गेल्या काही काळापासून पाहुण्यांसाठी उघडी झाली आहेत, आणि गेल्या माघात मी तेथे एक दिवस व एक रात्र काढली. वाड्यात कुटुंब राहते, नाव छापून आले की लोक वेळी-अवेळी कडी वाजवतात, अशी त्यांची तक्रार असल्याने वाड्याचे नाव आणि गल्लीचा क्रमांक येथे देत नाही. वाडा फिरून पाहण्याचे माणशी दीडशे रुपये, दुपारच्या जेवणासह चारशे, आणि वरच्या मजल्यावरील दोनपैकी एका खोलीत मुक्काम केल्यास दोघांना नाश्त्यासह बावीसशे, असे त्यांचे दर आहेत. आदल्या दिवशी फोन करून जावे लागते.

आम्हांला सकाळी दहाची वेळ दिली होती आणि दिंडी दरवाजा उघडला पावणेअकराला. मात्र त्या पाऊण तासाबद्दल माझी फारशी तक्रार नाही, कारण तो वेळ ओट्यावर बसून काढल्यामुळेच हा वाडा मला थोडाफार कळला. पुढे जो मार्गदर्शक मुलगा आला, त्याने आम्हांला ओट्यावरून थेट आत नेले, चौक, झोपाळा, जुनी घड्याळे आणि पितळी भांडी दाखवली, आणि ज्या गोष्टीमुळे हे घर उभे राहिले ती गोष्ट, म्हणजे रस्त्याकडेची पेढी, कुलूपबंदच ठेवली. माझा या सेवेवरचा मुख्य आक्षेप हाच आहे.

धुळ्याची ही वस्ती आपोआप वाढलेली नाही. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने १८१९ मध्ये धुळे हे कारभाराचे ठाणे ठरवले. तेव्हाचे धुळे म्हणजे एका बाजूला पांझरा नदी, दुसऱ्या बाजूला बागायतीचा पाट, आणि या दोहोंच्या मध्ये दाटीने बसलेले लहानसे गाव होते. ब्रिग्जने कचेऱ्या बांधण्यासाठी दूरवरून कारागीर आणवले आणि व्यापाऱ्यांनी येथे येऊन राहावे म्हणून त्यांना घरासाठी कायमच्या बिनभाड्याच्या जागा दिल्या, शिवाय पक्की घरे बांधता यावीत म्हणून आगाऊ रकमाही दिल्या. आज आपण सरळ रेषेत आखलेल्या, एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या आणि नावाऐवजी क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या ज्या गल्ल्यांतून फिरतो, त्यांचे मूळ त्या आखणीत आहे. पुण्या-नाशिकच्या जुन्या पेठांतून आलेल्या माणसाला ही सरळता आधी जरा कोरडी वाटते. पण गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले की दुसऱ्या टोकापर्यंत ओळीने सज्जे दिसतात, आणि प्रत्येक घराने आपला ओटा शेजाऱ्याच्या ओट्याशी जुळवून घेतलेला आहे हेही दिसते.

म्हणूनच आमच्या मार्गदर्शकाने पहिल्याच वाक्यात हा वाडा "पेशवेकालीन, तीनशे वर्षांचा" असल्याचे सांगितले, तेव्हा मला राहवले नाही. पेशवाई १८१८ मध्ये संपली आणि ही आखणी त्यानंतरची आहे, तेव्हा या गल्लीतले घर पेशवेकालीन असण्याचा संभवच नाही. जुन्या धुळ्यात, नदीकडच्या वस्तीत असते तर गोष्ट वेगळी होती. त्यातून वाड्याचे दर्शनी अंग तर आणखी अलीकडचे दिसते. वरच्या सज्जाला आधार देणारे सडपातळ खांब बिडाचे आहेत, आणि पुढच्या उतरत्या छपरावर मंगलोरी कौले आहेत. ही कौले मंगळूरला बासेल मिशनच्या कारखान्यात १८६५ पासून बनू लागली, त्यामुळे निदान हे छप्पर त्यापूर्वीचे नाही. मुलगा बिचारा गोंधळला आणि "आम्हांला तसेच सांगायला सांगितले आहे" असे म्हणाला. दोष त्याचा नाही, परंतु दीडशे रुपये घेऊन वाडा दाखवणाऱ्यांनी एवढी तरी शहानिशा करायला हवी होती. खरे वय सांगितल्याने वाड्याची किंमत कमी होत नाही, उलट तो कशासाठी बांधला गेला हे त्याच वयातून उलगडते.

ते कारण म्हणजे कापूस. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, मुंबईच्या बाजारात कापसाला सोन्याचा भाव आला आणि खानदेशच्या काळ्या जमिनीतला पैसा पहिल्यांदाच इतक्या वेगाने पेठेत उतरला. त्याच दशकात रेल्वे खानदेशातून पुढे सरकली, पण मुख्य मार्ग चाळीसगाव, जळगाव, भुसावळ असा गेला आणि धुळे बाजूला राहिले. चाळीसगावहून धुळ्यापर्यंतचा फाटा १९०० मध्ये आला, आणि तोवर येथला माल बैलगाडीनेच स्टेशनवर जात होता. गल्लीची रुंदी, ओट्याची उंची, दाराची चौकट, सगळे काही गाडीच्या मापाने का आहे हे त्यावरून समजते. ओट्याच्या दगडी कडेला लोखंडी कड्या बसवलेल्या आहेत आणि त्यांच्याखाली दगडाला घासून घासून वाटीएवढे खळगे पडले आहेत. बैल बांधण्याच्या या कड्यांना आज दोन दुचाक्या आणि एका रसवंतीच्या हातगाडीची साखळी बांधलेली असते.

पावणेअकरापर्यंत ओट्यावर बसलो असताना मला सर्वांत आवडली ती पेढीची बंद दर्शनी बाजू. पेढीला झडपांचे दार नाही, तर उभ्या सागवानी फळ्या आहेत. उंबऱ्यात आणि वरच्या तुळईत खाच आहे आणि एकेक फळी त्या खाचेत सरकवून दुकान बंद करायचे, अशी ही जुनी रीत आहे. प्रत्येक फळीच्या डोक्यावर देवनागरी आकडा कोरलेला आहे, एकपासून नऊपर्यंत, कारण प्रत्येक फळी आपल्याच जागी नीट बसते. सातवी फळी मात्र नाही. तिच्या जागी प्लायवूडचा तुकडा रंगवून बसवला आहे आणि त्यावर कोणीतरी खडूने सातचा आकडा काढला आहे. उंबऱ्याचे लाकूड मधोमध खोलगट झाले आहे, आणि ते पायांनी झिजलेले नाही, तर उंबऱ्यावर टेकून आत वाकणाऱ्या गिऱ्हाइकांच्या कोपरांनी, असे पुढे मला कळले.

हे सांगणारे गृहस्थ म्हणजे या घरातले सर्वांत वडीलधारे. गल्लीत सगळे त्यांना जिभाऊ म्हणतात आणि मीही तेच म्हणू लागलो. मार्गदर्शकाची फेरी संपल्यावर मी पेढी पाहायची इच्छा बोलून दाखवली, तेव्हा मुलगा म्हणाला की ती "फेरीत येत नाही". जिभाऊंनी झोपाळ्यावरूनच हाक मारली, "बठा ना भाऊ, घाई काय शे?" आणि धाकट्या भावाच्या घरून किल्ली मागवली. पुढचा दीड तास हा या भेटीचा गाभा ठरला, आणि तो तिकिटात नव्हता.

पेढी म्हणजे दोन खणांची बैठी खोली. जमिनीपासून हातभर उंच लाकडी तक्तपोस, त्यावर गादी आणि लोड, दिवाणजींसाठी उतरत्या झाकणाची पेटी, मागे भिंतीत तिजोरीचा कोनाडा. तुळईत एक जाड आकडा आहे, त्याला तराजू टांगला जात असे. जिभाऊंच्या आजोबांच्या काळात येथे अडतीचा धंदा होता. शेतकऱ्याचा माल यायचा, अडत्या तो मुंबईच्या किंवा गावातल्याच खरेदीदाराला विकून द्यायचा आणि आपली अडत कापून उरलेली रक्कम शेतकऱ्याला द्यायचा. भाव उघड्यावर बोलले जात नसत. दोघांच्या हातांवर उपरणे टाकून त्याखाली बोटे धरून सौदा ठरायचा आणि बाजूला बसलेल्या तिसऱ्याला काहीही कळत नसे. जिभाऊंनी माझा हात उपरण्याखाली धरून दोन-तीन आकडे करून दाखवले. मला एकही ओळखता आला नाही, आणि शेतकऱ्यालाही दर वेळी ओळखता येत असेल याची खात्री वाटली नाही. या पेढ्यांविषयी हळवे होताना हेही लक्षात ठेवायला हवे की त्या लोडाच्या एका बाजूला नफा बसत असे आणि दुसऱ्या बाजूला कर्ज.

लाल कापडी बांधणीच्या लांब वह्या एका पेटाऱ्यात आहेत. रोजचा व्यवहार रोजकीर्दीत, तोच खातेवार खतावणीत, आणि दिवाळीच्या पाडव्याला नवी वही, हा क्रम त्यांत पाळलेला दिसतो. सालही विक्रम संवताचे आहे. दर्शनी हुंडीची आणि मुद्दती हुंडीची पाने वेगवेगळी बांधलेली आहेत. पहिली हुंडी दाखवताच पैसे द्यायचे, दुसरीचे ठरलेली मुदत भरल्यावर. त्यातली एक वही वाळवीने अर्धी खाल्ली आहे आणि उरलेल्यांवर डांबराच्या गोळ्यांखेरीज दुसरा उपाय केलेला नाही. ज्या गावात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ मध्ये निधन झाले आणि त्यांच्या नावाने १९२७ पासून संशोधन मंडळ उभे आहे, जेथे कागद कसा जपावा हे जाणणारी माणसे चालत जाण्याच्या अंतरावर भेटू शकतात, तेथे हे व्हावे याचे वाईट वाटले. तसे मी जिभाऊंना बोलून दाखवले, आणि वह्या घराबाहेर जायला नकोत असे ते ठामपणे म्हणाले. पण निदान जाणत्याला घरी बोलावता येईल.

आता संरक्षणाविषयी, कारण फोनवर "संरक्षित वारसा वास्तू" असे सांगितले जाते आणि अनेकांचा त्यावरून गैरसमज होईल. हा वाडा केंद्राच्या किंवा राज्याच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत नाही. राज्याचा १९६० चा प्राचीन स्मारकांचा कायदा प्रामुख्याने लेणी, किल्ले, मंदिरे, गढ्या यांना आपल्या छायेखाली घेतो. वापरातल्या घरांसाठी दुसरा मार्ग असतो तो नगररचनेच्या नियमांतला, ज्यात वास्तूंची पहिली, दुसरी व तिसरी अशी श्रेणी ठरते. पहिल्या श्रेणीत आतबाहेर हात लावता येत नाही, खालच्या श्रेण्यांत दर्शनी रूप राखून आतले फेरफार करता येतात. हा वाडा या मार्गानेही संरक्षित नाही. तो राखला गेला आहे तो वाटणीपत्रातल्या एका कलमामुळे. तीन भावांत घर वाटले गेले तेव्हा वडिलांनी असे लिहून घेतले की गल्लीकडची बाजू, म्हणजे ओटा, पेढी, दिंडी आणि सज्जा, तिघांच्या संमतीवाचून कोणी पाडू अथवा बदलू नये. तिघांची संमती एका गोष्टीवर होणे किती दुर्मिळ हे म्हातारा पुरते ओळखून असणार.

या कलमाचा परिणाम पाहण्यासारखा आहे. गल्लीकडून पाहिले तर वाडा अखंड आहे. सज्जाखालचे आधाराचे घोडे, त्यांवरचे कोरलेले पोपट, महिरपीतल्या रंगीत काचा, सगळे जागच्या जागी आहे. दिंडीतून आत गेलात की मात्र चौक विटांच्या एका भिंतीने अर्धा कापलेला आहे. पलीकडच्या अर्ध्या भागात पुतण्याने सिमेंटची दुमजली इमारत उठवली आहे आणि तिच्या सांडपाण्याचा नळ जुन्या माजघराच्या भिंतीला चिकटून जातो. कलमात चौकाचे नाव नव्हते. त्यामुळे तिकीट काढून आत येणाऱ्याने चौसोपी, म्हणजे चौकाच्या चारही बाजूंना पडव्या असलेल्या, वाड्याची अपेक्षा ठेवू नये. येथे दोनच सोपे उरले आहेत. तरीही याच गल्लीत, जेथे असे कलम कोणाच्या बापाने लिहून घेतले नाही, तेथील सहा-सात घरांचे ओटे गेले आणि त्यांच्या जागी शटर आले, हेही त्याच ओट्यावर बसून दिसते.

शटर येण्याची कारणे मालकांच्या अरसिकतेत शोधू नयेत, असे मला वाटते. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली ती पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहिली, २००० मध्ये नवा कायदा अमलात आला तरी जुन्या भाडेकरूंबाबत फार फरक पडला नाही, आणि ज्या घराचे महिन्याचे भाडे एका मिस्त्रीच्या दिवसाच्या मजुरीलाही पुरत नाही ते घर मालक कशाने दुरुस्त करणार? या वाड्यातही पेढीशेजारचा एक खण मोबाइलची कव्हरे विकणाऱ्या दुकानाकडे आहे. त्याची विजेची पाटी सज्जाच्या कठड्यावर लटकते आणि रात्री मुक्कामाच्या खोलीत निळा-लाल उजेड आळीपाळीने येतो. पाटी हलवा म्हणण्याइतके भाडे आम्ही घेत नाही, असे जिभाऊंच्या सूनबाईंनी हसत सांगितले.

दुरुस्तीबाबत या कुटुंबाने काही गोष्टी चांगल्या केल्या आहेत आणि काही अगदी चुकवल्या आहेत. मागच्या सोप्यावरचे धाबे त्यांनी अजून राखले आहे. खानदेशातील उन्हाळ्याला हे मातीचे सपाट छत जे उत्तर देते ते पत्र्याला देता येत नाही. कडीपाटावर मातीचे थर, आणि दर वर्षी मृगापूर्वी वर खारी माती पसरायची, म्हणजे पावसाचे पाणी आत मुरत नाही. ही माती टाकणारी माणसे आता मिळेनाशी झाली आहेत, तरी एक जोडपे अजून येते. उलट पुढच्या खोल्यांत भिंतींचा मूळचा चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंटचा केला आहे. आतल्या कच्च्या विटांतली ओल आता बाहेर पडू शकत नाही आणि कमरेएवढ्या उंचीपर्यंत पांढरा खार फुटला आहे. खांबांना चॉकलेटी ऑइलपेंट फासला आहे, त्यात कोरीव कामाच्या पाकळ्या बुजल्या आहेत. अळशीचे तेल चोळून हे सागवान अजून शंभर वर्षे टिकले असते. नवा रंग देण्याआधी कोणीतरी त्यांना थांबवावे.

मुक्कामाची खोली स्वच्छ आहे, गाद्या बऱ्या आहेत, गरम पाणी सकाळी सातनंतर मिळते. न्हाणीघर पूर्वीच्या बळदाच्या, म्हणजे धान्य साठवण्याच्या कोठाराच्या, जागी काढल्याने अरुंद आहे, आणि उंच माणसाने दारात डोके सांभाळावे. गल्ली पहाटे पाचला जागी होते, दुधाच्या गाड्या आणि त्यामागून भाजीचे टेम्पो येतात, त्यामुळे ज्यांची झोप हलकी आहे त्यांनी फक्त दिवसाची फेरी करावी. गाडी आत आणण्याचा हट्ट करू नये. गाडी बाहेर आग्रा रोडला लावून चालत यावे, कारण बैलगाडीसाठी आखलेल्या गल्लीत समोरासमोर दोन चारचाक्या आल्या की उतरून तोंडच चालवावे लागते.

जेवण उत्तम होते. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजलेल्या हिरव्या वांग्यांचे भरीत, ज्वारी आणि उडदाच्या कळण्याची भाकरी, कांद्याची पात, शेंगदाण्याची चटणी आणि शेवटी ताक, एवढाच बेत होता आणि त्यात काही कमी नव्हते. घरातल्या वहिनी वाढताना आग्रह करतात, पण हॉटेलसारखी ताटे आधी भरून ठेवत नाहीत. चुलीवरच्या दुसऱ्या भाकरीसाठी जरा थांबावे लागते. भरीत थंडीतच चांगले होते, तेव्हा उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी दुसरे काय मिळेल ते आधी विचारून घ्यावे.

दीडशे रुपयांची फेरी जशी आहे तशी मी कोणाला सुचवणार नाही. झोपाळे आणि पितळी घंगाळी आपल्याकडच्या कोणत्याही चार घरांत असतात. चारशे रुपयांची जेवणासह भेट मात्र जरूर घ्यावी, आणि आदल्या दिवशी फोन करताना पेढी उघडून हवी असे स्पष्ट सांगावे. किल्ली धाकट्या भावाकडे असते आणि तो सोमवारी व शुक्रवारी बाजार समितीत जातो, त्यामुळे ते दोन दिवस टाळावेत. शक्य झाल्यास संध्याकाळी सातपर्यंत थांबावे. आम्ही निघालो त्या दिवशी पेढी उघडलेली होती म्हणून जिभाऊ स्वतः फळ्या लावायला उठले. मी मदत करू लागलो आणि घाईत चौथी फळी पाचवीच्या खाचेत घातली. ती अर्ध्यावर अडकली. जिभाऊंनी ती न बोलता काढली, डोक्यावरचा आकडा बोटाने चाचपला, आणि पुन्हा माझ्या हातात दिली.